डॉ. कॅनर आणि आई-वडिलांवरचा ठपका

1938 मध्ये मिसिसिपीतल्या एका वडिलांनी डॉ. लिओ कॅनर यांना टाइप केलेलं 33 पानी पत्र पाठवलं. पाच वर्षांचा डोनाल्ड हाकेला ओ देत नव्हता, वस्तू गरगर फिरवत बसायचा, कुणी त्यात अडथळा आणला की आकांत करायचा. मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीचे, बर्लिनमध्ये शिकलेले कॅनर (1894-1981) तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालमनोविकारतज्ज्ञ होते. डोनाल्डसह 11 मुलांवरच्या त्यांच्या 1943 च्या निबंधानं स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली.

1945 मध्ये ते डोनाल्डला भेटायला गेले. तो घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहत होता. या जोडप्यानं त्याच्या सवयी मोडल्या नाहीत, कामाला लावल्या. मोजमापाचं वेड? मग विहीर खणायची आणि किती खोल गेली ते सांगायचं. मक्याच्या ओळी सारख्या मोजतो? मग नांगरता नांगरता मोजायच्या. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला जागा नेमून दिली. तिथे तो पाट्या लावी. हे शहाणपण पाहून कॅनर थक्क झाले.

तरीही 1949 मध्ये त्यांनीच आई-वडिलांच्या कोरडेपणावर बोट ठेवलं. आजार जन्मजात असल्याचं पूर्वी त्यांनीच लिहिलं होतं! इतरांनी तो ठपका आणखी गडद केला आणि आया स्वतःलाच दोष देत राहिल्या. 1969 मध्ये पालकांच्या संमेलनात कॅनर यांनी आई-वडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. डोनाल्ड तेव्हा पस्तिशीचा होता.