बर्था बेंझ : धंद्यातील सहधर्मचारिणी

जर्मनीतील बर्था रिंगर यांचा जन्म १८४९ सालचा. कार्ल बेंझ यांच्याशी लग्न ठरले आणि कार्ल यांची भागीदारी मोडकळीस आली. बर्था यांनी हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली व भागीदाराचा हिस्सा फेडून कारखाना वाचवला. १८७२ मध्ये विवाह झाला.

१८८६ मध्ये मोटारगाडीचे पेटंट निघाले. नाव एकट्या कार्ल यांचे. पण गिऱ्हाईक फिरकेना. ऑगस्ट १८८८ मध्ये पतीला न सांगता बर्था यांनी दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर, गाडी नेली. तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. चढावर गाडी ढकलावी लागली. म्हणून कार्ल यांनी पुढे जादा गिअर बसवला.

१९२५ च्या आत्मचरित्रात त्यांनी पत्नीचे ऋण मोकळेपणाने मानले. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ताळेबंद शिकतो. हे भांडवल त्यात कोठे मांडायचे?