फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारूख बलसारा, ५ सप्टेंबर १९४६, स्टोन टाउन, झांझिबार – २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार व पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक बँडचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही गीते त्यांनी लिहिली. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांच्या शालेय जीवनाचा मोठा काळ महाराष्ट्रातील पाचगणी येथे गेला. आपले मूळ, खाजगी आयुष्य आणि गीतांचे अर्थ यांविषयी ते क्वचितच बोलत. त्यामुळे त्यांच्या अनेक गीतांमागील हकिकती प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या आठवणींतून पुढे आल्या आहेत.

प्रारंभिक जीवन

फारूख यांचे आईवडील, जेर व बोमी बलसारा, हे मूळचे गुजरातमधील पारशी होते. बलसारा हे आडनाव बलसार, म्हणजे आजच्या वलसाड या गावावरून आले आहे. ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील झांझिबारमध्ये बोमी बलसारा सरकारी सेवेत रोखपाल होते. फारूख आठ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. झांझिबारहून मुंबईपर्यंतचा प्रवास बोटीचा असल्याने आईवडिलांची भेट क्वचितच होत असे. सुट्टीचे दिवस ते मुंबईतील नातेवाइकांकडे घालवत.

शाळेत सोबती त्यांना 'फ्रेडी' म्हणू लागले आणि पुढे घरातही तेच नाव रूढ झाले. त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीने पियानोचे शिक्षण घेतले. सुमारे १९५८ मध्ये चार मित्रांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' हा शालेय बँड सुरू केला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदी गायकांची त्या काळची लोकप्रिय गीते हा बँड शाळेच्या कार्यक्रमांत सादर करी. फ्रेडी त्यात मुख्य गायक नव्हते, ते पियानो वाजवत. एकदा ऐकलेली चाल लगेच वाजवून दाखवण्याचे त्यांचे कौशल्य शाळेतील सोबत्यांच्या आठवणींत नोंदले गेले आहे. जन्मतः असलेल्या जादा दातांमुळे त्यांचे पुढचे दात बाहेर आलेले होते व त्यावरून मुले त्यांना चिडवत. पुढे संपन्नता लाभल्यावरही त्यांनी दातांवर उपचार करून घेतले नाहीत. तसे केल्यास आवाजाचा पोत बदलेल, अशी त्यांना भीती वाटे.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथली गेली आणि हिंसाचारात अरब व भारतीय वंशाचे अनेक लोक मारले गेले. त्याच वर्षी बलसारा कुटुंब झांझिबार सोडून लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले.

लंडन आणि 'क्वीन'ची स्थापना

फ्रेडी यांनी ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. या काळात त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान हाताळण्याचे काम केले, तसेच केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. 'आयबेक्स' आणि 'सावर मिल्क सी' या बँडमध्ये ते अल्पकाळ गायक होते. १९७० मध्ये ते गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांना येऊन मिळाले. बँडला 'क्वीन' हे नाव फ्रेडी यांनी सुचवले. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन आल्यावर चौघांचा संच पूर्ण झाला आणि तो फ्रेडी यांच्या मृत्यूपर्यंत बदलला नाही. बँडचे मानचिन्हही त्यांनीच रेखाटले. चौघांच्या राशींवरून त्यात दोन सिंह, एक खेकडा व दोन पऱ्या आहेत.

याच सुमारास त्यांनी मर्क्युरी हे आडनाव घेतले. पहिल्या अल्बममधील 'माय फेअरी किंग' या स्वरचित गीतातील एका उल्लेखावरून हे आडनाव आले, असे ब्रायन मे यांनी सांगितले आहे.

प्रमुख गीते

'क्वीन' हा पहिला अल्बम १९७३ मध्ये प्रकाशित झाला. १९७४ मधील 'किलर क्वीन' हे गीत ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५): या गीताचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. संथ गायन, गिटारवादन, ऑपेराच्या धर्तीचा समूहगायनाचा भाग, आक्रमक रॉक आणि पुन्हा संथ शेवट अशी त्याची रचना असून त्यात ठरावीक ध्रुवपद नाही. संपूर्ण आराखडा मर्क्युरी यांच्या मनात तयार होता. सहकारी केवळ साथीचे वादन ध्वनिमुद्रित करत असताना मधल्या मोकळ्या जागी पुढे काय येणार, हे ते सांगत. ऑपेराच्या भागात मर्क्युरी, मे व टेलर या तिघांचेच आवाज आहेत. ते एकावर एक इतक्या वेळा मुद्रित करण्यात आले, की वारंवार वापरामुळे ध्वनिफितीचा लेप झिजून ती जागोजागी पारदर्शक झाली. या एका भागासाठी सुमारे तीन आठवडे लागले.

५ मिनिटे ५५ सेकंदांचे हे गीत रेडिओसाठी फार लांब आहे, असे ध्वनिमुद्रिका कंपनीचे मत होते. गीत कापण्यास बँडने नकार दिला. मर्क्युरी यांचे मित्र व लंडनच्या कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांनी एका शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवले, असे सांगितले जाते. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते प्रकाशित झाले आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गीतातील खुनाची कबुली देणाऱ्या तरुणाविषयी अनेक तर्क झाले. परंतु मर्क्युरी यांनी अर्थाचा खुलासा अखेरपर्यंत केला नाही.

'लव्ह ऑफ माय लाइफ' (१९७५): हे गीत मेरी ऑस्टिन यांना उद्देशून असल्याचे मानले जाते. मर्क्युरी व ऑस्टिन यांचे प्रेमसंबंध १९७०च्या दशकात संपले, तरी मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९८१ मध्ये दक्षिण अमेरिकेतील मैफिलींत इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या हजारो श्रोत्यांनी हे गीत एकसुरात गायले.

'समबडी टू लव्ह' (१९७६): अरेथा फ्रँकलिन या मर्क्युरी यांच्या आवडत्या गायिका होत्या. त्यांच्या गॉस्पेल शैलीचा प्रभाव या रचनेवर आहे. चर्चमधील मोठ्या गायकवृंदाचा भास येथेही तिघांच्याच आवाजांतून निर्माण केला आहे.

'वी आर द चॅम्पियन्स' (१९७७): एका मैफिलीनंतर श्रोत्यांनी बँडसाठी स्वतःहून गाणे म्हटले. हा अनुभव मे यांच्या 'वी विल रॉक यू' आणि मर्क्युरी यांच्या 'वी आर द चॅम्पियन्स' या दोन्ही गीतांच्या मुळाशी आहे. श्रोत्यांना सोबत गाता यावे, या हेतूनेच ती रचली गेली. दुसरे गीत पुढे जगभरच्या क्रीडास्पर्धांत विजयगीत म्हणून रूढ झाले.

'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' (१९७९): म्युनिकमधील हॉटेलात स्नान करताना मर्क्युरी यांना हे गीत सुचले व काही मिनिटांतच ते पूर्ण झाले. गिटारवर त्यांना मोजकेच स्वरमेळ येत. त्या मर्यादेमुळेच गीत साधे झाले, असे ते मानत. 'क्वीन'चे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे पहिले गीत होय.

'बार्सेलोना' (१९८७): १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात कबाये यांचे गायन ऐकून मर्क्युरी भारावले होते. पुढे दोघांनी हे युगुलगीत गायले व १९८८ मध्ये त्याच नावाचा अल्बम प्रकाशित झाला. बार्सेलोना येथे १९९२ मध्ये झालेल्या ऑलिंपिकच्या वेळी हे गीत पुन्हा गाजले. तोवर मर्क्युरी हयात नव्हते.

रंगमंचावरील सादरीकरण

एका मैफिलीत माईकचा स्टँड मधोमध तुटल्यावर मर्क्युरी यांनी उरलेला दांडा हातात धरूनच गायन केले आणि पुढे तीच त्यांची ओळख बनली. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात 'क्वीन'ने लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर सुमारे २१ मिनिटांचे सादरीकरण केले. रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम सादरीकरणांत त्याची गणना होते. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेली मैफील ही मर्क्युरी यांची 'क्वीन'सोबतची अखेरची मैफील ठरली.

आजारपण व मृत्यू

१९८७ मध्ये मर्क्युरी यांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे निदान झाले. त्या काळी एड्सवर परिणामकारक उपचार उपलब्ध नव्हते आणि रुग्णांना समाजात मोठ्या तिरस्काराला सामोरे जावे लागे. त्यांनी हे मोजक्या निकटवर्तीयांना सांगितले. त्यांची खालावलेली प्रकृती पाहून वृत्तपत्रांतून तर्क सुरू झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी जाहीरपणे ते फेटाळले.

'द शो मस्ट गो ऑन' हे गीत मुख्यतः ब्रायन मे यांनी मर्क्युरी यांच्या स्थितीकडे पाहत लिहिले. त्यातील उंच स्वर आता त्यांना झेपतील का, अशी शंका मे यांना होती. मर्क्युरी यांनी व्होडकाचा घोट घेऊन ते पूर्ण ताकदीने गायले, अशी आठवण मे यांनी सांगितली आहे. १९९१ च्या वसंत ऋतूत स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथे ते प्रकृती साथ देईल तेव्हा गात राहिले. जमेल तितके आपल्याकडून गाऊन घ्या आणि संगीत नंतर पूर्ण करा, अशी त्यांची सहकाऱ्यांना सूचना होती. मे १९९१ मधील 'मदर लव्ह' हे त्यांचे अखेरचे गायन मानले जाते. शेवटचे कडवे गाण्यासाठी ते परतू शकले नाहीत; ते मे यांनी गायले. ही गीते १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' या अल्बममध्ये समाविष्ट झाली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांनी निवेदनाद्वारे आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टन येथील 'गार्डन लॉज' या निवासस्थानी, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी आधी बोलून जनजागृतीला हातभार लावायला हवा होता, अशी टीका काहींनी केली. आजार ही व्यक्तीची खाजगी बाब आहे, असे इतरांचे म्हणणे होते. २७ नोव्हेंबर रोजी पारशी धर्मगुरूंनी त्यांचे अंत्यविधी केले. त्यानंतर लंडनमध्ये दहन झाले. त्यांच्या अस्थी कोठे आहेत, हे त्यांच्या इच्छेनुसार गुप्त ठेवण्यात आले.

वारसा

डिसेंबर १९९१ मध्ये पुन्हा प्रकाशित झालेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणखी पाच आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली येथे श्रद्धांजली मैफील झाली व तिच्या उत्पन्नातून एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टची स्थापना झाली. १९९६ मध्ये मॉन्ट्रो येथे सरोवराकाठी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २००१ मध्ये 'क्वीन'चा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला.

त्यांच्या जीवनावरील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) या चित्रपटातील भूमिकेसाठी रामी मालेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. 'लाइव्ह एड'पूर्वीच मर्क्युरी यांना आजाराची कल्पना होती, असे चित्रपटात दाखवले आहे. प्रत्यक्षात निदान त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी झाले.