ओवीकार फादर थॉमस स्टीफन्स

या ज्युबिलीच्या सोहळ्याकरितां आपल्या गायकमंडळांतील कांहीं तरुणांनीं नवीं भक्तिगीतें रचून माझ्याकडे आणून दिलीं. भाव निर्मळ होता. परंतु गाऊं लागतांच कोठें जीभ अडखळे, कोठें श्वास पुरेना, तर कोठें यमकासाठीं अर्थाचा बळी गेलेला दिसे. मीं तीं परत केलीं तेव्हां त्यांचे चेहरे उतरले, हें मजपासून लपलें नाहीं. त्यांचें समाधान व्हावें म्हणून मीं त्यांस फादर थॉमस स्टीफन्स यांची हकीकत सांगितली. तीच येथें वाचकांपुढें ठेवितों.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत, विल्टशायर परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत झाला. राणी एलिझाबेथच्या त्या अमदानींत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें संकटाचें होतें. थॉमस पौंड या त्यांच्या स्नेह्यास त्यापायीं तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमला गेले व सन १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाले. पुढें ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून तिशीला आलेला हा इंग्रज आपल्या किनाऱ्यावर उतरला, तो पुन्हां मायदेशीं परत गेलाच नाहीं. पुढलीं सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत व विशेषेंकरून साष्टी प्रांतांत धर्मसेवेंत वेंचलीं.

ती साष्टी कशी होती हें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट समजावयाची नाहीं. सन १५६७ मध्यें तेथील हिंदु देवालयें पाडण्यांत आलीं होतीं. सन १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीस फादर रोदोल्फो आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघी सोबती मारले गेले. लोक बाप्तिस्मा घेत होते, पण त्यांच्या जुन्या पोथ्या व पुराणें त्यांच्या हातून काढून घेतलीं जात होतीं. हा सर्व इतिहास आपणांस अभिमानानें मिरविण्याजोगा नाहीं, हें मी स्पष्टच म्हणतों. शिवाय, ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या संध्याकाळीं ओव्या गाइल्या गेल्या, तें घर एकाएकीं मुकें झालें तर त्यांतील माणसांनीं करावें काय?

हाच प्रश्न फादर स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभीं एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मुखीं घातला आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालला असतां तो पाद्रींस विचारतो कीं, जुनीं पुराणें आपण वर्ज्य केलीं हें खरें, पण त्यांच्या जागीं दुसरीं कांहीं देत कां नाहीं? दोष काढणारा हा प्रश्न त्यांनीं झांकून ठेविला नाहीं, उलट ग्रंथाच्या दारांतच उभा केला. मला स्वतःला या ग्रंथांतील हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

परंतु उत्तर द्यावयाचें तर तें ओवींत द्यावयास हवें होतें, आणि ओवी ही बाहेरून आलेल्या माणसास सहज वश होणारी नव्हे. तिच्या पहिल्या तीन चरणांचे शेवट यमकानें बांधलेले असतात. चौथा चरण आखूड व मोकळा, जेथें गाणारा श्वास घेतो आणि ऐकणारा अर्थ मनांत मुरवितो. अक्षरांची संख्या ठरलेली नसते, म्हणून ती सोपी वाटते, आणि नवशिका तेथेंच फसतो. लॅटिन पद्यांत ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब कागदावर मांडतां येतो. ओवींतील ठेका मात्र कानानेंच ओळखावा लागतो.

त्यांनीं प्रथम लोकांची बोली आत्मसात केली. तिचे नियम जुळवून त्यांनीं कोंकणीचें व्याकरण लिहिलें. तें त्यांच्या मागें सन १६४० मध्यें राशोल येथें छापलें गेलें, आणि हिंदी भाषांपैकीं एखाद्या भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण मानलें जातें. आपल्या बंधूस सन १५८३ मध्यें पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते असें नोंदविलें होतें. इतका त्यांचा कान तीक्ष्ण. बोलीनंतर ग्रंथभाषा आली. पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कथांचीं व मराठी काव्यांचीं रोमन लिपींत उतरलेलीं हस्तलिखितें आजही आहेत. तीं येशूसंघीयांनीं अभ्यासाकरितां करविलीं असें जाणकार सांगतात. ज्या पोथ्या लोकांकडून काढून घेतल्या, त्यांच्यापाशींच बसून पाद्री काव्य शिकले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. फादर गोव्यास आले तेव्हां पैठणास संत एकनाथ हयात होते, आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनीं पुढें सन १५८४ मध्यें सिद्ध केली. ज्ञानेश्वरीचें वळण फादरांच्या ओवींत अनेक अभ्यासकांस दिसतें.

अशा रीतीनें सिद्ध झालेलें ख्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें राशोल येथें छापून निघालें. गोव्यांत पाऊल ठेविल्यास तेव्हां सदतीस वर्षें होत आलीं होतीं! पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र, अशा मिळून सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. शब्दांची निवड पाहिली म्हणजे त्यांचा विवेक कळतो. स्वर्गास ते बेधडक वैकुंठ म्हणतात, कारण ऐकणाऱ्यास तोच शब्द जवळचा; बाप्तिस्म्यासारख्या संस्काराचें नांव मात्र आलें तसेंच ठेवितात, कारण तेथें ओळखीच्या शब्दानें अर्थ वाहवत जाण्याचें भय. मराठी शुद्ध राहिली तर सामान्य जनांस कळणार नाहीं, म्हणून कठीण शब्द टाळून तींत त्यांनीं तेथील बोलीची मिसळ केली, व हें प्रस्तावनेंत सांगूनही टाकलें.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. हा ग्रंथ मराठी लिपींत छापावा असें त्यांच्या मनांत होतें. सन १६०८ मध्यें त्यांनीं रोमला आपल्या संघप्रमुखांस तसें लिहिलें. सुमारें ६०० खिळ्यांचे सांचे लागतील ही मोठी अडचण, पण युक्तीनें ते २०० वर आणतां येतील असाही हिशेब त्यांनीं मांडला. तें घडलें नाहीं. ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला, आणि सन १६१९ मध्यें फादर देवाघरीं गेले.

त्यांच्यामागें सन १६४९ व १६५४ मध्यें आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सन १६८४ मध्यें गोव्याच्या सरकारनें देशी भाषांवर बंदी घातली. त्या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज कोठेंही उपलब्ध नाहीं. तरीही ओव्या नाहींशा झाल्या नाहींत. भाविक कुटुंबांनीं त्या हातानें उतरून ठेविल्या. गोवा सोडून मंगळुरास गेलेल्यांनीं पोथ्या बरोबर नेल्या आणि उपवासकाळांत त्या गात राहिले. त्याच पोथ्यांवरून सन १९०७ मध्यें मंगळूर येथें जे. एल. सल्डान्हा यांनीं ग्रंथ पुन्हां छापविला, पण रोमन लिपींतच. पुढें सन १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ति काढिली. फादरांनीं रोमला पत्र पाठविल्यास तेव्हां ३४८ वर्षें झालीं होतीं.