लोखंडी नांगर ते फवारणी ड्रोन : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातून काय घ्यावे?

ओझर, पिंपळगाव, दिंडोरी भागात आता फवारणीचा ड्रोन, मोबाइलवरून चालणारे ठिबक आणि हवामान केंद्र हे विषय बागेच्या बांधापर्यंत आले आहेत. त्यासोबत दोन प्रश्नही आले आहेत. यंत्राने माती आणि पीक बिघडेल का? आणि मजुराच्या हातचे काम जाईल का? हे दोन्ही प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राने एकदा सोडवून पाहिले आहेत. त्या वेळी वादाचा विषय होता लोखंडी नांगर आणि माणूस होता लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार ते यंत्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. मात्र काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आले. त्यांनी रंग सोडले, पण रेखाटन सोडले नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले. नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासोबत त्यांचे सायकलींचे दुकान होतेच. हळूहळू दुरुस्तीकडून ते निर्मितीकडे वळले. त्यांचे पहिले शेती यंत्र होते कडबा कापण्याचे. त्यानंतर नांगर आला.

नांगर विकला का जात नव्हता?

लाकडी नांगर जमिनीला चीर पाडतो. माती दोन्ही बाजूंना सरकते, पण उलटत नाही. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या बहुवार्षिक तणांची मुळे आणि काशा जमिनीतच राहतात. लोखंडी नांगराचा वक्र पंखा मातीचा थर उचलून पालथा करतो. तणांच्या काशा वर येऊन उन्हात वाळतात, पिकाचे अवशेष खाली गाडले जातात आणि पावसाचे पाणी खोल मुरते. फाळ झिजला तर तेवढाच बदलता येतो.

शास्त्र इतके सरळ असूनही नांगर पडून राहिले. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज होता. पहिले गिऱ्हाईक मिळायला जवळपास दोन वर्षे गेली. या समजाला हसू नका. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर आहे, तो नव्या अवजाराला आधी नकोच म्हणणार. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणच होते. ही शंका मिटली ती शेजारच्या रानात नांगर चाललेला आणि पुढे आलेले पीक पाहून. विस्तार कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे. पत्रकापेक्षा बांधावरचे प्रात्यक्षिक अधिक पटते.

माळरानावरची वाडी

बेळगावात जम बसत असतानाच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळची जागा आणि कर्ज देऊ केले. जागा म्हणजे निवडुंग आणि सापांचे माळरान. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामगारांसाठी घरे, पाणी आणि शाळा झाली. अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी राखणीचे काम विश्वासाने सोपवले.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. लढाईचे लोखंड नांगरात उतरले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडणी यंत्रे, पाण्याचे पंप आणि ऑइल इंजिने महाराष्ट्राच्या शिवारात पोचली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

काम कोणाचे गेले?

चरित्राची ही बाजू फारशी सांगितली जात नाही. लाकडी नांगर गावचा सुतार घडवायचा आणि बलुत्यात धान्य न्यायचा. चामड्याची मोट चर्मकार शिवायचा. मोट हाकणारा गडी आणि बैलजोडी दिवसभर विहिरीवर असायची. इंजिन-पंप आला आणि गड्याचे ते काम संपले. चर्मकाराचे मोटेचे बलुतेही बुडाले. दुसरीकडे साचेकाम, ओतकाम, कातकाम, इंजिन दुरुस्ती अशी नवी कामे उभी राहिली. पाणी वाढल्याने बागायत वाढली आणि शेतात जास्त हात लागू लागले.

एकूण काम घटले नाही, पण जुने काम गेलेला माणूस आपोआप नव्या कामावर पोचला नाही. ज्याला शिकायची संधी मिळाली तो ओतारी किंवा फिटर झाला. ज्याला मिळाली नाही तो शेतमजूर झाला किंवा मुंबईच्या गिरणीत गेला. यंत्राच्या हिशेबात ही ओळ मांडायलाच हवी.

ओझर परिसरासाठी धडा

ओझरला हा बदल नवा नाही. १९६४ मध्ये इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला आणि आजूबाजूच्या गावांतील तरुण यंत्रकामाला लागले. आता यंत्र द्राक्षबागेत आले आहे. निर्णय घेताना पुढील मुद्दे तपासा.

१. यंत्र कोणते काम करते, ते नेमके पाहा. ट्रॅक्टरचलित ब्लोअरने फवारणीचे कष्ट वाचतात. पण खरड छाटणी, गोडी बहर छाटणी, घडांची विरळणी आणि डिपिंग आजही मुख्यतः कुशल हातांवरच चालते. त्या हातांना वर्षभर बांधून ठेवणे हा खर्च नाही, ती गुंतवणूक आहे.

२. आधी थोड्या क्षेत्रावर वापरा. शेजारी नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट ठेवा. फवारणीत पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या आतपर्यंत द्रावण पोचते का, ते पाणीसंवेदी कागद लावून तपासा. मंडपावरून ड्रोन फिरला म्हणजे खालचे घड भिजले, असे गृहीत धरू नका.

३. नियम पाळा. ओझर विमानतळ जवळ असल्याने ड्रोन कुठेही उडवता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आपले शिवार कोणत्या क्षेत्रात येते, ते डिजिटल स्काय नकाशावर पाहा. लागेल तिथे परवानगी घ्या. प्रशिक्षित वैमानिकाकडूनच काम करून घ्या.

४. एकट्याने विकत घेऊ नका. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकत्र वाटून घेणाऱ्या या भागाला यंत्रही वाटून घेता येईल. गटामार्फत भाड्याने यंत्र घेतल्यास कर्जाचा बोजा एका घरावर पडत नाही.

५. आधी मजुराला शिकवा, मग यंत्र आणा. पेठ, सुरगाण्याहून येणाऱ्या टोळीतील एक-दोन तरुण-तरुणींना पंप, नोझल आणि ठिबक स्वयंचलन चालवणे, दुरुस्त करणे शिकवा. यंत्र बिघडेल तेव्हा मदतीला माणूस बागेतच असेल आणि त्याची मजुरीही वाढेल.

लक्ष्मणरावांनी नांगरासोबत नांगर घडवणाऱ्यांची वाडी वसवली. गावोगावच्या सुतारांसाठी मात्र कोणी वाडी वसवली नाही. तुमच्या बागेत नवे यंत्र येईल तेव्हा कोटेशन हाती घेण्याआधी एक यादी करा : या यंत्रामुळे कोणाचे किती दिवसांचे काम कमी होईल आणि त्या माणसाला आपण कोणते नवे काम देऊ. दुसरा रकाना कोरा राहिला, तर तो भरूनच यंत्राची मागणी नोंदवा.