वाटी एकच, वजन वेगळं!

रूमवर स्वयंपाक करणाऱ्यांनो, एक प्रयोग करून बघा. एक वाटी साखर आणि तीच वाटी भरून कणीक वजनकाट्यावर ठेवा. साखर जड भरेल. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तर हा फरक हातालाच कळतो. सारख्या आकाराचे दोन तुकडे उचला : ॲल्युमिनियम पाण्याच्या साधारण २.७ पट जड, बीड साधारण ७.२ पट. ही 'पट' म्हणजेच त्या पदार्थाचं विशिष्ट गुरुत्व.

आता हे गणित वाण्याच्या दुकानात न्या. पूर्वी आपल्याकडे धान्य शेर-पायलीच्या मापाने मोजायचे. पण पीठ दाबून भरलं की जास्त बसतं, सैल भरलं की कमी. म्हणून वजनच करायला हवं. पण दर पुडीला तराजू कोण धरणार? सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा, अशी स्पर्धा १८९० च्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने लावली. जिंकली कोणी? मुंबईच्या शंकर आबाजी भिसे या मराठी तरुणाने!

भिसे यांचा जन्म १८६७ चा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं होतं. त्या बक्षिसाने हुरूप आला आणि ते थेट लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. पुढे छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी तयार केलं. डोक्यात कल्पना भरपूर, खिशात मात्र पैसा नाही! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला, सर रतन टाटांनी पैसा लावला. तरी यंत्राला हवी तशी बाजारपेठ मिळाली नाही. मग भिसे अमेरिकेला गेले. तिथे आयोडीनयुक्त औषधही काढलं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

'भारताचे एडिसन' म्हणून ते गाजले, पण आज आपल्यापैकी कितीजणांना हे नाव माहीत आहे? तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टला स्पॉन्सर मिळत नसेल, तर भिसे आठवा. आणि पुढच्या वेळी एक किलोची पिशवी उचलाल, तेव्हा साखरेची पिशवी लहान आणि कणकेची मोठी का, हे रूममेटला नक्की विचारा!