अजगराने जेवण सोडलं की न्यूयॉर्कमध्ये या माणसाला बोलावलं जायचं

घरात साप पाळायचा म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? रेमंड डिटमार्सच्या घरीही आधी नकारच होता. पण पोरगं हट्टाला पेटलेलं. शेवटी घराचा वरचा मजला सापांना देऊन आईवडील मोकळे झाले.

१८७६ साली जन्मलेल्या डिटमार्स यांनी पुढे म्युझियममध्ये कीटकांच्या विभागात काम केलं, वर्तमानपत्रात बातमीदारीही केली. १८९९ मध्ये न्यूयॉर्कचं ब्रॉंक्स प्राणीसंग्रहालय सुरू झालं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग त्यांच्याकडे आला. सोबत घरचे सापही तिथेच गेले.

खरी डोकेदुखी इथून सुरू झाली. पकडून आणलेला साप अनेकदा खातच नाही.

लांबचा प्रवास, थंडी, लपायला जागा नसणं, काचेबाहेरची गर्दी, यातलं काहीही त्याला पुरतं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही तो भक्ष्याकडे बघत नाही. अशा वेळी पिंजरा उबदार ठेवायचा, त्याला एकटं सोडायचं आणि वाट बघायची. मोठा अजगर काही महिने उपाशी काढू शकतो, त्यामुळे घाई करायचं कारण नसतं.

पण अजगर खंगायला लागला तर?

मग डिटमार्स माणसं गोळा करायचे. अनेक जणांनी मिळून तो अवाढव्य अजगर सरळ धरून ठेवायचा, जबडा उघडायचा आणि मेलेले ससे काठीने हळूहळू घशाखाली सरकवायचे. वाचायला गंमत वाटते, पण काम जोखमीचं. घशाला जखम झाली तर सापच दगावायचा, आणि नंतर त्याला डिवचलं तर सगळं ओकून टाकायचा. म्हणजे मेहनत पाण्यात!

किंग कोब्राचं रडगाणं वेगळंच. हा आपल्याकडचा नेहमीचा नाग नव्हे. त्याचं मुख्य अन्न म्हणजे दुसरे साप. उंदीर पुढे ठेवला तर तो बहुतेकदा ढुंकूनही बघत नाही. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात बाहेरचे साप जमिनीखाली दडून बसतात, मग त्याला वाढायचं काय?

या सगळ्या अनुभवातून डिटमार्स यांची पुस्तकं आली. १९०७ चं ‘द रेप्टाइल बुक’ खूप गाजलं. बुशमास्टर या विषारी सापामागे मात्र ते वर्षानुवर्षे होते. १९३४ मध्ये त्रिनिदादहून त्यांनी एक आणलाही. कैदेत जेवण नाकारण्यात हा साप कुप्रसिद्ध! १९४२ मध्ये डिटमार्स गेले.