रोनाल्ड रॉस : सूक्ष्मदर्शकापुढील कवी

मीरतेच्या छावणीत उठाव झाल्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मे १८५७ रोजी, अल्मोड्यात एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरी रोनाल्ड रॉस यांचा जन्म झाला. मुलाचा ओढा काव्य, संगीत आणि चित्रकलेकडे. वडिलांची इच्छा मात्र त्याने डॉक्टर व्हावे अशी. पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवून रॉस यांनी लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८१ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले. नोकरीची पहिली वर्षे त्यांचे मन काव्य, कादंबरी आणि गणित यांतच अधिक रमले.

परंतु हिवतापाने खंगलेली माणसे ते रोज पाहत होते. ते दुःख आधी त्यांच्या कवितेत उतरले. त्याचे कारण शोधण्याची वाट १८९४ साली सापडली. हिवतापाचे जंतू डासांच्या शरीरात वाढत असावेत, हा पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क त्यांनी उचलला. सिकंदराबादेत त्यांनी शेकडो डास चिरले. डासांचे तुकडे उडून जाऊ नयेत म्हणून उकाड्यातही पंखा बंद ठेवावा लागे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण तपासलेले डास भलत्याच जातीचे होते. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरभित्तीत त्यांना हिवतापाचे जंतू दिसले. त्या आनंदाला त्यांनी वाट करून दिली ती कवितेतच.

पुढे त्यांची बदली झाली आणि माणसावरील प्रयोग खंडित झाले. १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी जंतू डासाच्या लालाग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो, हे दाखवून दिले. माणसाच्या हिवतापाचे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. त्यावरून कटू वाद पेटला. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले, तरी ग्रासींचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य करण्याचे औदार्य त्यांना दाखविता आले नाही. परदुःखाने विव्हळ होणाऱ्या कवीची ही उणीव झाकण्यासारखी नाही.

आणखीही एक ऋण आहे. डासागणिक एक आणा घेऊन ज्याने स्वतःला चावून घेतले तो रुग्ण हुसेन खान, आणि कलकत्त्यात डास पकडून देणारा व पक्षी सांभाळणारा मदतनीस महंमद बक्ष, यांच्यावाचून हा शोध लागला नसता. जगाच्या स्मरणात मात्र एकट्या रॉस यांचेच नाव उरले.

शोधानंतर रॉस प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. डबकी बुजवा, गटारे वाहती ठेवा, असे ते सरकारांना आयुष्यभर बजावीत राहिले. रोग हटविण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ दशके लोटली, तरी २०२३ साली जगात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कवीच्या करुणेने रोगाचे दुःख पाहिले आणि शास्त्रज्ञाच्या चिकाटीने त्याचे कारण शोधले. त्यांच्या हातून एवढे झाले. डबके बुजविण्याचे काम मात्र कवीचे नव्हे आणि शास्त्रज्ञाचेही नव्हे. ते नगरपालिकेचे आणि नागरिकांचे आहे. तेच अद्याप अपुरे आहे.